एक टन बोल्ट, किती धूर?

आमचा कारखाना भोसरी एमआयडीसीत आहे. बोल्ट, स्टड आणि काही खास नट आम्ही बनवतो. बराच माल इथल्याच वाहन कंपन्यांना जातो आणि एक चांगला हिस्सा जर्मनीला. मी क्वालिटी विभाग सांभाळते. निर्यातीची कागदपत्रंही माझ्याच टेबलावरून जातात, म्हणून २०२३ च्या हिवाळ्यात युरोपच्या सीबॅम या नव्या कायद्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. जर्मन गिऱ्हाइकाचा प्रश्न एका ओळीचा होता: तुमच्या एक टन बोल्टमागे किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो?

बोल्टची ताकद, कडकपणा, झिंकच्या थराची जाडी, सॉल्ट स्प्रेमध्ये किती तास टिकतो, यातलं काहीही विचारलं असतं तर दहा मिनिटांत कागद पाठवला असता. हा प्रश्न मात्र आमच्या कारखान्यात त्याआधी कोणीच कधी विचारला नव्हता.

सीबॅम म्हणजे कार्बन बॉर्डर ॲडजस्टमेंट मेकॅनिझम, युरोपीय संघाचा कायदा, मे २०२३ मध्ये झालेला. त्याचं मूळ २००५ सालात आहे. तेव्हापासून युरोपातल्या पोलाद, सिमेंट वगैरे कारखान्यांना दर टन उत्सर्जनामागे एक परवाना सरकारजमा करावा लागतो आणि त्या परवान्यांचा बाजार चालतो. मात्र कारखाने देश सोडून जातील या भीतीने मोठ्या उद्योगांना बरेचसे परवाने फुकट मिळत आले. आता ती सवलत २०२६ पासून टप्प्याटप्प्याने काढून २०३४ ला शून्यावर आणायची आहे. मग युरोपातला कारखानदार पैसे भरणार आणि बाहेरून येणारा माल तसाच आत शिरणार, हे होऊ नये म्हणून आयात मालावरही तेवढीच किंमत लावायची, असा हा बेत. सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खतं, हायड्रोजन आणि वीज ही सहा क्षेत्रं त्यात आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून तिला पैसे जोडले गेले.

तुम्ही यात येता की नाही, हे जकातीचा कोड ठरवतो. बोल्ट-नटांचं शीर्षक ७३१८, ते यादीत आहे. ओतीव वस्तूंचं ७३२५ यादीत नाही. त्यामुळे कोल्हापूरच्या फाउंड्रीत असलेल्या माझ्या मामेभावाला तेव्हा या कटकटीची झळ लागली नाही, आणि आम्हाला पुरती लागली. लोखंड दोन्हीकडे, भट्टीही दोन्हीकडे, फक्त चार आकडी कोड वेगळा.

पहिले काही महिने सोपे गेले. जुलै २०२४ पर्यंत आयातदाराला युरोपीय आयोगाने ठरवून दिलेले सरासरी आकडे वापरायची मुभा होती. गिऱ्हाईक आमच्याकडून फक्त वजन आणि कोड घेत असे. ती मुदत संपत आली तशी एक्सेलची फाईल आली. ज्यांनी ती उघडली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. कारखान्याची ओळख, इंधनं, वीज, उत्पादन प्रक्रिया, विकत घेतलेला कच्चा माल, प्रत्येकाचं वेगळं पान, आणि एका पानावरचा आकडा दुसऱ्या पानाशी जुळला नाही तर लाल चौकट. आमची खाती एप्रिल ते मार्च, यांचा हिशेब जानेवारी ते डिसेंबर. अकाउंट्सच्या ताईंनी गॅसची बिलं पुन्हा महिन्यांप्रमाणे लावून दिली नसती तर मी तिथेच अडकले असते.

सुरुवात गॅसपासून केली. आमच्याकडे गॅस दोन ठिकाणी जळतो: वायर मऊ करायच्या ॲनिलिंग भट्टीत, आणि बोल्ट कडक करायच्या हार्डनिंग लाईनवर. पण मीटर एकच, गेटाजवळचा. पाईपने येणारा गॅस कॅन्टीनच्या शेगड्यांनाही तोच. सगळ्याचं मिळून एक बिल. फर्नेसवर अण्णा आहेत, निवृत्तीला आलेले. त्यांनी प्रत्येक पाळीची लॉगबुकं जपून ठेवली होती, तापमान, बेल्टचा वेग, किती किलो माल गेला, सगळं. त्या वह्यांवरून आणि बर्नरच्या क्षमतेवरून आम्ही गॅसची वाटणी केली. पहिल्या अहवालाला ती चालली. मग साहेबांनी दोन सबमीटर बसवायला होकार दिला. माझ्या मते या सगळ्या काळात कारखान्याने केलेला सगळ्यात शहाणपणाचा खर्च तो.

अण्णांनी विचारलेला एक प्रश्न मला फार आवडला. हार्डनिंगच्या भट्टीत बोल्टच्या पृष्ठभागातला कार्बन जाऊ नये म्हणून आम्ही आत गॅसचंच वातावरण ठेवतो. तो गॅस उष्णतेसाठी नसतो. "मॅडम, हा काय जळण म्हणून घेतलेला नाही, मग हा कसा धरायचा?" धरायचाच, कारण भट्टीच्या तोंडाशी जी ज्योत दिवसरात्र पेटलेली असते ती त्याच गॅसची असते, आणि त्यातला कार्बन शेवटी हवेतच जातो. त्याउलट फोर्कलिफ्टचं डिझेल या हिशेबात येत नाही, कारण फिरती यंत्रं वगळलेली आहेत. जनरेटरचं डिझेल विजेच्या खात्यात जातं. हे सगळं नियमांच्या पुस्तकात आहे, पण पुस्तक शेकडो पानांचं, इंग्रजीत, आणि भोसरीतल्या कारखान्यासाठी लिहिलेलं नाही.

इंधनाचं गणित स्वतः अवघड नाही. एक घनमीटर नैसर्गिक वायू जाळला की ढोबळमानाने २ किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो. १९ किलोचा एक व्यावसायिक सिलिंडर म्हणजे जवळजवळ ५७ किलो, जाळलेल्या गॅसच्या तिप्पट, कारण जळताना हवेतला ऑक्सिजन त्याला येऊन मिळतो. हे मी कॅन्टीनमध्ये सांगितलं तेव्हा मशीनवरची पोरं थांबून ऐकायला लागली. सिलिंडर सगळ्यांनी उचललेला असतो. त्याच्या वजनाच्या अंदाजावर ५७ किलो वायू डोळ्यांसमोर उभा राहतो.

सबमीटर बसल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. भोसरीत गुरुवारी सुट्टी. भट्टी मात्र पूर्ण थंड करत नाहीत, कारण पुन्हा तापवायला वेळ लागतो आणि आतलं अस्तर तडकतं. म्हणून ती गुरुवारीही गरम ठेवली जायची, कामाच्याच तापमानाला, आत एकही बोल्ट नसताना. हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याला लागणारा गॅस कोणी पाहिलेला नव्हता. आता गुरुवारी तापमान खाली उतरवून ठेवतात आणि शुक्रवारच्या पहिल्या पाळीआधी वर घेतात. मग अस्तराची दुरुस्ती झाली, आणि धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर बर्नरची हवा तापवायची यंत्रणाही बसली. गॅसचं बिल उतरलं. यातलं काहीही करायला ब्रुसेल्सच्या कायद्याची गरज नव्हती, तरी ते त्या कायद्यामुळेच झालं हे मला मान्य करायला हवं.

पण खरा डोंगर पुढे होता. एक टन बोल्टचा हिशेब पूर्ण मांडला तेव्हा दिसलं की आमच्या भट्ट्यांचा वाटा त्यात दहावा हिस्साही नाही. बाकी सगळं आम्ही विकत घेतलेल्या वायर रॉडमध्ये, म्हणजे बोल्टसाठीच्या पोलादी तारेत, आधीच बसलेलं आहे. कोळशावर चालणाऱ्या ब्लास्ट फर्नेसमधून आलेल्या एक टन पोलादामागे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेलं पोलाद त्याच्या कितीतरी खाली असतं. भारताची सरासरी अडीच टनांच्या आसपास आहे, जगाची त्याहून बरीच कमी, कारण आपल्याकडे कोळशावरचं उत्पादन जास्त आणि भंगार कमी.

शिवाय एक नियम असा की भंगाराच्या अंगावर उत्सर्जन चढवायचं नाही. वायर कापताना निघालेले तुकडे, सेटिंगचे खराब नग, नाकारलेला लॉट, सगळं भंगारात जातं आणि तिथे त्याचा कार्बन शून्य धरला जातो. म्हणजे त्या फुकट गेलेल्या मालाचा भार उरलेल्या चांगल्या बोल्टवर येतो. समजा एक टन बोल्टला १.०६ टन वायर लागली आणि ती वायर टनामागे २.३ टन उत्सर्जनाची असली, तर आमच्या भट्टीत काडी पेटायच्या आधीच २.४४ टन झाले. क्वालिटीत इतकी वर्षं मी नाकारलेल्या मालाकडे रुपयांत पाहत आले. आता त्या अहवालाला दुसरा रकाना आहे.

तेव्हा सगळा प्रश्न एका ठिकाणी येऊन थांबला: वायर रॉड बनवणाऱ्या मिलने आकडा द्यायला हवा. आणि तो मिळवणं हे या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत थकवणारं काम होतं.

आमच्यासारखे कारखाने सगळा माल थेट मिलकडून घेत नाहीत. बराचसा स्टॉकिस्टकडून येतो. कॉइलबरोबर टेस्ट सर्टिफिकेट असतं, त्यावर हीट नंबर, रसायन, ताणशक्ती. हीट नंबरवरून कोणत्या मिलचा, कोणत्या दिवशीचा ओत ते सांगता येतं. एखादा बोल्ट तुटला तर आम्ही जर्मनीतून परत थेट त्या ओतापर्यंत पोचतो. इतकी शिस्त आपल्या धंद्यात आहे. पण त्या ओतामागे किती धूर निघाला हे त्या कागदावर नसतं. एका मिलने विचारणेला उत्तरच दिलं नाही. एकीने कंपनीच्या वार्षिक अहवालातला सगळ्या कारखान्यांचा मिळून एक सरासरी आकडा दिला, जो आमच्या कामाचा नव्हता, कारण लागतो तो त्या विशिष्ट कारखान्याचा आकडा. आणखी एकीने आकडा दिला तो पोलाद उद्योगाच्या दुसऱ्याच पद्धतीने काढलेला. २०२४ संपेपर्यंत तशा पद्धती काही अटींवर चालत होत्या. १ जानेवारी २०२५ पासून फक्त युरोपीय पद्धत. स्टॉकिस्टला तर मी काय मागते आहे हेच कळेना. त्याचं म्हणणं, "मॅडम, माल चांगला आहे, सर्टिफिकेट आहे, आणखी काय पाहिजे?" त्याच्या जागी तो बरोबर होता.

मोठ्या मिलना माहिती देण्यात धास्ती वाटते हेही मी समजू शकते. कोणत्या भट्टीत किती कोळसा, किती भंगार, हे उघड केलं की खर्चाचा अंदाज येतो. २०२५ पासून युरोपीय आयोगाने बाहेरच्या उत्पादकांना आपली माहिती थेट पोर्टलवर ठेवायची सोय केली, म्हणजे ती गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी लागत नाही. त्याने मोठ्यांची भीती थोडी कमी झाली. आम्हाला मात्र तरीही प्रत्येक मिलच्या दारात उभं राहावंच लागलं. आमचं प्लेटिंग, म्हणजे झिंकचा थर चढवायचं काम, बाहेर जॉबवर्कला जातं. तिथल्या मालकांनी माझ्या विनंतीवरून स्वतःच्या बॉयलरचा आणि रेक्टिफायरचा वेगळा हिशेब ठेवायला सुरुवात केली. दोन खोल्यांची जागा, सहा माणसं, आणि त्यांचा आकडा मला मिलच्या आधी मिळाला.

आता विजेबद्दल. मला या कायद्यातली सगळ्यात खटकणारी गोष्ट इथे आहे.

आमच्या साहेबांनी शेडवर सौर पॅनेल बसवले, आणि गिऱ्हाइकाला ते अभिमानाने कळवलं. माहिती द्यायच्या काळात विजेचं उत्सर्जनही लिहावं लागत होतं, त्यामुळे त्याचा थोडा उपयोग दिसला. पण पैसे भरायच्या टप्प्यात पोलादाच्या मालासाठी फक्त थेट उत्सर्जन धरलं जातं, म्हणजे कारखान्यात जे जळतं तेवढंच. वीज धरत नाहीत. याचा अर्थ असा की उद्या आम्ही गॅसची भट्टी काढून विजेची बसवली, तर सीबॅमच्या कागदावर आमच्या भट्ट्यांचा वाटा जवळजवळ शून्यावर येईल.

आणि हवेचं काय? गॅसपासून एक गिगाज्यूल उष्णता मिळवताना सुमारे ५६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. धुराड्यातून अर्धी उष्णता वाया गेली असं धरलं तरी ११२ किलो. तेवढीच उष्णता विजेने द्यायची तर २७८ युनिट लागतात, आणि आपल्या देशाच्या ग्रिडवर युनिटमागे साधारण ०.७ किलो निघतो. म्हणजे १९५ किलो, तेही विजेच्या भट्टीत काहीच वाया जात नाही असं मानून. धूर भोसरीतून उठून चंद्रपूर, कोराडीच्या धुराड्यांकडे गेला आणि जाताना वाढला. कागद मात्र स्वच्छ. आमच्याकडे एका सल्लागाराने हाच बदल सुचवला होता. मी साहेबांसमोर दोन्ही हिशेब शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांनी भट्टी बदलायचं तूर्त थांबवलं, याचा मला आनंद आहे. ग्रिड बदलेल तेव्हा हे उत्तरही बदलेल, आणि ते लवकर बदलावं. पण ज्या कायद्याचा हेतू हवामान वाचवणं आहे, त्याने कारखान्याला अशा वळणावर आणून उभं करू नये.

न्यायाचा प्रश्न तर आहेच. १९९२ च्या हवामान करारात जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही, असं तत्त्व लिहिलेलं आहे. दोनशे वर्षं कोळसा जाळून उभ्या राहिलेल्या देशांनी आता आपल्या वेशीवर आमच्या धुराचे पैसे घ्यायचे आणि ते स्वतःच्या तिजोरीत ठेवायचे, हे पचत नाही. भारताने हा आक्षेप आंतरराष्ट्रीय मंचांवर घेतला आहे, आणि तो रास्त आहे. पण तो आक्षेप घेऊन मी भट्टीपाशी जाते तेव्हा गुरुवारचा वाया जाणारा गॅस आमचाच असतो, आणि मराठवाड्यातला जळणारा मे महिनाही आमचाच.

आपल्याकडचे कायदे मी या निमित्ताने पहिल्यांदा नीट वाचले. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा २०२२ मध्ये सुधारला गेला आणि त्यातून जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना आली. ठरावीक मोठ्या कारखान्यांना दर टन उत्पादनामागे किती उत्सर्जन चालेल याचं लक्ष्य देतात. त्याहून कमी केलं तर क्रेडिट मिळतं, जास्त झालं तर विकत घ्यावं लागतं. पहिली लक्ष्यं २०२५ मध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या उद्योगांना लागली. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली: तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांखाली उत्सर्जन असेल तर तीन तारे, २ टनांखाली चार, १.६ टनांखाली पाच. जगात अशी अधिकृत प्रतवारी ठरवणारे आपण अगदी सुरुवातीच्या देशांत आहोत आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

यात आमच्या फायद्याचंही एक कलम दडलेलं आहे. मालावर मूळ देशात कार्बनची किंमत भरलेली असेल, तर सीबॅममधून ती वजा होते. म्हणजे तेच पैसे इथे भरले तर ते इथेच राहतात. त्यासाठी आपली योजना पोलादापर्यंत लवकर पोचायला हवी, आणि भरलेल्या किमतीचा पुरावा कॉइलबरोबर खाली आमच्यापर्यंत झिरपायला हवा.

२०२५ च्या शरद ऋतूत युरोपने नियम सैल केले. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणारा आयातदार सुटला. वीस फुटी कंटेनरच्या हिशेबात ते दोन-तीन कंटेनर. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे सुमारे ९० टक्के आयातदार यातून बाहेर पडले, तरी ९९ टक्के उत्सर्जन कक्षेत राहिलं. आमचं एक लहान गिऱ्हाईक सुटलं. मोठं राहिलं.

पैशांबाबत एक गैरसमज आमच्या पट्ट्यात फार पसरला आहे, तो इथे लिहिते. २०२६ मध्ये फक्त अडीच टक्केच भरायचे, असं लोक सांगतात. तसं नाही. युरोपने प्रत्येक मालाला एक मापदंड ठरवला आहे. त्या मापदंडाचे साडेसत्त्याण्णव टक्के तुमच्या आकड्यातून वजा होतात. तुमचा आकडा मापदंडाच्या वर असेल तर वरचा सगळा भाग पूर्ण किमतीने भरावा लागतो. कोळशाच्या पोलादाचा बोल्ट आणि भंगाराच्या पोलादाचा बोल्ट यांत पहिल्याच वर्षी मोठी तफावत पडते. आणि स्वतःचा तपासलेला आकडा नसेल तर आयोगाचा ठरावीक आकडा लागतो, तोही वर टक्के चढवून. पैसे भरतो आयातदार, पण दर ठरवायच्या बोलणीत ती रक्कम आमच्याच अंगावर येते.

२०२६ च्या मालाचं पहिलं घोषणापत्र ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत जायचं आहे, आणि त्यातला आमचा आकडा मान्यताप्राप्त तपासनीसाने कारखान्यात येऊन तपासलेला असायला हवा. असे तपासनीस थोडे, त्यांची फी आमच्यासारख्यांना जड. भोसरीतले आम्ही काही फास्टनरवाले, म्हणजे बोल्ट-नट बनवणारे, मिळून एकाच तपासनीसाला एकाच आठवड्यात बोलवायचं ठरवतो आहोत, म्हणजे प्रवासखर्च वाटून जाईल. एमआयडीसीच्या लघुउद्योजकांना सरकारकडून काही मागायचं असेल तर मी हे मागेन: या तपासणीच्या फीला आधार, आणि नियमांचं मराठीत लिहिलेलं, भट्टी चालवणाऱ्याला कळेल असं पुस्तक.

आणि मिलसाठी एक नियम. टेस्ट सर्टिफिकेटवर हीट नंबर, रसायन, ताणशक्ती यांच्याखाली आणखी एक ओळ बंधनकारक करा: या कारखान्यात या वर्षी एक टन पोलादामागे किती उत्सर्जन झालं, कोणत्या पद्धतीने मोजलं, कोणी तपासलं. मग ती माहिती स्टॉकिस्टच्या हातातून आपोआप आमच्यापर्यंत येईल, आमच्याकडून गिऱ्हाइकाकडे जाईल, आणि भोसरीतल्या एखाद्या दहा माणसांच्या शेडलाही कोणाच्या विनवण्या कराव्या लागणार नाहीत. तोवर आम्ही ती ओळ आमच्या खरेदीच्या ऑर्डरीत छापायला लागलो आहोत. दोन मिलनी ती मान्य केली आहे. त्यांचा दर थोडा जास्त आहे, आणि निर्यातीचा माल आता त्यांच्याच कॉइलमधून काढतो.